न बोलायची मुभा

२ फेब्रुवारी २०२५

आईंना योगिनीचा नमस्कार.

पोस्टानं आलेलं माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. दर रविवारी व्हिडिओवर बोलतोच आपण, मग हे कशाला, असं म्हणाल. पण रविवारी मोबाइल ह्यांच्या हातात असतो आणि मी शेजारी बसलेली असते. माझा मोबाइल बिघडला त्यानंतर दुसरा घेतलेला नाही. एक गोष्ट मला तुमच्याशी एकटीनं बोलायची आहे.

डिसेंबरात इथल्या जर्मन सरकारचं माझ्या नावानं पत्र आलं. युद्धातून पळून आलेली माणसं, माझ्यासारख्या नवऱ्यामागून आलेल्या बायका, म्हणजे ज्यांना इथं राहायचं आहे पण भाषा येत नाही, त्यांना हे सरकार वर्गात बसवतं. आधी भाषा शिकवतात, नंतर इथले कायदे, इथली राहणी. पैसे बरेचसे सरकारच भरतं. आणि हे बोलावणं साधं नाही, सक्तीचं आहे. म्हणून ह्यांनी जाऊ दिलं. त्या वेळात दिशाला बालवाडीत जागा मिळाली. तिथं ती दुपारपर्यंत चिवचिवत असते.

पहिल्या दिवशी हाइके बाईंनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि प्रत्येकाला आपल्या गावावर टाचणी टोचायला सांगितली. माझं चांदवड काही सापडेना, पण नाशिक सापडलं. माझ्यामागे रीम होती. सीरियाची. तिनं टाचणी लावली आणि तिथंच उभी राहिली. बाईंनी तिला बस म्हटलं नाही. तेव्हापासून रीम माझ्या बाकावर बसते. आम्हा दोघींना मिळून जेमतेम शंभर शब्द येत असतील, पण त्यात आमचं पुष्कळ भागतं.

आई, हे म्हणतात की आता वर्ग बंद कर. तिथं कसकसली माणसं येतात, म्हणतात. कचेरीला आजारपणाचं कळवू, म्हणतात. त्यांचंही खरं आहे. दोन वर्षं झाली त्यांना येऊन. अंबडच्या कंपनीत पॅनलचं वायरिंग करणारा माणूस इथं गोदामात खोकी उचलतो. इलेक्ट्रिशियनचा कागद हातात पडायला भाषेची परीक्षा लागते, तीत ते दोनदा नापास झाले. त्यांना कुणी वर्गात बोलावलं नाही. कामावरून थकून येतात आणि मी टेबलावर वही घेऊन बसलेली दिसते.

तुमचं ते ऐकतात. तुम्ही फक्त एवढं म्हणा की पोरीला शिकू दे. मी पत्र लिहिल्याचं मात्र सांगू नका. उत्तर मागच्या बाजूच्या पत्त्यावर पाठवा, तो शाळेचा आहे.

तुमची
योगिनी

---

अंबड, २६ फेब्रुवारी २०२५

योगिनी, तुला आणि दिशाला आशीर्वाद.

पाकीट आलं तवा मी वाफ्यात मेथी उपटत होते. शेजारची राखी पळत आली, काकू परदेशातनं काहीतरी आलं म्हणून. मला धस्स झालं. वाचलं आणि जीव भांड्यात पडला. एवढ्यासाठी पत्र?

मी सातवी शिकलेली बाई हाय, तू बी.कॉम. तुला मी काय सांगावं. पण संसार मी जास्त केलाय. नवरा दिवसभर राबून येतो, त्याला गरम भाकर आणि हसरं तोंड पाहिजे. शिक्षण काय पळून चाललंय? पोरगी मोठी होऊ दे.

आणि दुसरं. नवराबायकोत चोरून काय नसावं. तू सांगू नका म्हणालीस, पण मला ते पटलं नाय. रविवारी फोन आला तवा मी संतोषला सरळ सांगितलं, योगिनीचं पत्र आलंय, तिला वर्गाला जायचंय, तिचं ऐकून घे, चिडू नको. तो चिडला नाय. हसला. म्हणाला, आई, मी बघतो. बघ, किती समजूतदार हाय. तू उगाच घाबरतेस.

दिशाला केसाला तेल लावत जा. थंडीनं टाळू कोरडी पडते.

कलाबाई

---

६ एप्रिल २०२५

आईंना नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. मी वर्ग सोडला आहे. घरात पुष्कळ काम असतं आणि दिशाकडे बघायला पाहिजे. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. फेब्रुवारीच्या शेवटी जिन्यावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आहे, म्हणून डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं आहे, समजून घ्या.

हे शेजारीच बसलेत, तुम्हाला नमस्कार सांगतात. यापुढे पत्र पाठवायचं तर घरच्या पत्त्यावरच पाठवा.

योगिनी

---

अंबड, ४ मे २०२५

योगिनी, आशीर्वाद.

पत्र वाचून बरं वाटलं. घर सांभाळलंस, चांगलं केलंस. रविवारी तू ओढणीत हात झाकून बसली होतीस, मला वाटलं थंडी आसंल. आता पत्र वाचल्यावर राखी म्हणाली, काकू, त्या दिवशी वहिनी काहीच बोलल्या नाहीत. मी म्हणलं, हात दुखत आसंल तर माणूस काय बोलणार.

संतोषनं घर घेतलं तवा म्हणाला होता, तळमजल्याला हाय आई, दिशा पडायची भीती नाय. मग जिना कुठला? बाहेर कुठं आसंल. दुकानाचा वगैरे. जपून चालत जा.

हळद-दूध पी. तिकडं हळद मिळत नसंल तर संतोषला सांग, कोणी येणारं आसंल त्याच्याबरोबर मी धाडते.

इथं ऊन लय हाय. कोथिंबीर पिवळी पडली, पवननगरच्या बाजारात कोणी हात लावीना.

कलाबाई

---

२० जुलै २०२५

आई,

हे पत्र एका सल्ला केंद्राच्या पत्त्यावरून येत आहे. मी आणि दिशा कुठं राहतो ते सांगता येत नाही. मारहाणीतून सुटलेल्या बायकांचं घर आहे, गाव वेगळं आहे. तिथला पत्ता कुणालाच द्यायचा नाही असा नियम आहे. तुम्हालाही नाही. रागावू नका.

घरच्या पत्त्यावर आलेलं तुमचं मे महिन्याचं पत्र मी वाचलं. माझ्याआधी संतोषनं वाचलं होतं. जिना कुठला, हे तुम्ही विचारलंत. जिना नव्हता. तुमच्याशी फोन झाला त्याच संध्याकाळी त्यांनी माझा हात दाराच्या कडेवर ठेवून पिरगाळला. "आता लिही," म्हणाले. दवाखान्यात त्यांनीच सांगितलं की बायको पडली. मी मान हलवली. मला तेव्हा 'पडले' हा शब्द इथल्या भाषेत येत होता, 'पाडलं' येत नव्हता.

वर्गाला कोणी आलं नाही की शाळेला ते वर कळवावं लागतं. कचेरीतून पत्र आलं, का येत नाही, पुरावा द्या. ते घाबरले. त्यांना स्वतःचा इथं राहायचा परवाना पुढच्या फेब्रुवारीत वाढवून घ्यायचा आहे, त्यात भानगड नको म्हणून प्लास्टर निघाल्यावर त्यांनीच मला परत पाठवलं. हाइके बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. त्या दिवशी धडा बदलला. म्हणाल्या, आज आकडे. फळ्यावर दोन फोन नंबर लिहिले, एक पोलिसांचा आणि एक अडचणीतल्या बायकांसाठीचा, आणि सगळ्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणून घेतले. पुरुषांकडूनसुद्धा. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

जूनमध्ये माझी मधली परीक्षा झाली. मी पास झाले. त्याच आठवड्यात त्यांचा निकाल आला, ते तिसऱ्यांदा राहिले. मी माझं सांगितलंच नव्हतं. जेवताना दिशा म्हणाली, "पप्पा, मम्मी पास झाली, बाईंनी टाळ्या वाजवल्या." तिला कौतुक होतं. आई, मी सगळं लिहीत नाही. दोन दात गेले. दिशा टेबलाखाली होती.

सकाळी ते कामावर गेले. मी ओढणी तोंडावर घेऊन दिशाला बालवाडीत सोडलं, वर्गात गेले आणि तो नंबर म्हणून दाखवला. तेवढंच बोलता आलं. बाईंनी वर्ग तिथंच थांबवला. त्यांच्या गाडीतून जाऊन बालवाडीतून दिशाला घेतलं, आणि रीम तिला मांडीवर घेऊन मागं बसली.

तुम्हाला आमची काळजी वाटू नये म्हणून कळवलं.

योगिनी

---

अंबड, १२ ऑगस्ट २०२५

योगिनी,

तुझं पत्र यायच्या आधीच संतोषचा फोन आला होता. ढसाढसा रडत होता. लहानपणी पडला तरी रडायचा नाय असलं पोर. म्हणाला, आई, त्या शाळेतल्या बायांनी तिचं डोकं फिरवलं, माझी पोरगी पळवली. त्याच्या दाराशी पोलीस आले. माझ्या पोराच्या दाराशी!

तुझ्या भावाला चांदवडला फोन लावला. तो म्हणाला, मावशी, आता ती तुमची, आमच्याकडं आणू नका. तुझी वहिनी मागनं बोलत होती ते पण ऐकू आलं. तुझी आई असती तर वेगळं झालं असतं, पण ती नाय. मग तू जाणार कुठं? परक्या देशात, परक्या बायकांत, किती दिवस?

हात उचलला हे वाईटच. मी नाय म्हणत नाय. पण आम्ही नाय का सोसलं? तुला कोणी सांगितलं नसंल, तुझ्या सासऱ्यानं माझ्या पाठीत बसायचा पाट घातला होता. संतोष तवा दिशाएवढाच होता. दुसऱ्या दिवशी मी जुड्या बांधल्या, पाटी घेतली आणि बाजारात बसले. गिऱ्हाइकाशी हसून बोलले. निघून जाता मलाही येत होतं. पोराला बाप राहावा म्हणून राहिले. तो गेला तवा गल्लीतल्या बाया म्हणाल्या, कलाबाईनं निभावलं.

तू पण निभाव. त्याला एकदा माफी मागू दे. मी बोलते त्याच्याशी. पोरीला घेऊन घरी जा.

कलाबाई

---

१० सप्टेंबर २०२५

आई,

तुमच्या पाठीचं मला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तुम्हाला उटणं लावलं होतं, तेव्हा व्रण दिसला होता. मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही.

मी परत जाणार नाही. का, ते सांगते. दिशा बोलत नाही. त्या संध्याकाळपासून एक शब्द नाही, मराठी नाही आणि इथला नाही. इथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, दोन भाषांत मुलीचा गोंधळ उडालाय का? गोंधळ नाही. ती बोलली आणि आईला मार बसला, एवढं तिला नीट समजलेलं आहे. भूक लागली की माझी बाही ओढते. शी-शू लागली तरी बाहीच ओढते.

आता तुम्हाला ठाऊक असायला हवं असं एक सांगते. मला इथं राहायची परवानगी नवऱ्याची बायको म्हणून आहे. वेगळी झाले की ती संपते. इथं एकत्र राहून तीन वर्षं झाली असती तर बायकोला तिची स्वतःची मिळते. आमची झाली नाहीत. तेच सरकार मला वर्गात बसवून म्हणतं, पायावर उभी राहा, आणि तेच म्हणतं की नवऱ्याचं घर सोडलंस तर परत जा. मात्र मारहाण झाल्याचं पटलं तर सूट देतात. माझ्या वकीलबाईंनी तसा अर्ज केला आहे.

संतोषनं स्वतःच्या बाजूनं कचेरीला लिहून दिलं आहे की योगिनी लग्नापासूनच भ्रमिष्ट आहे, तिला चक्कर येते, ती पडते, मुलगी तिच्याकडे सुरक्षित नाही. आणि खाली लिहिलं आहे की माझ्या आईला विचारा, पाच वर्षं ती आईजवळ होती.

म्हणून तुम्हाला फोन येईल. वकीलबाई असतील आणि मराठी बोलणारा एक माणूस असेल. काय सांगा, असं मी म्हणत नाही. तो तुमचा मुलगा आहे. फोन अचानक आला असता तर तुम्ही गांगरला असता, म्हणून आधी लिहिलं.

योगिनी

---

अंबड, १९ ऑक्टोबर २०२५

योगिनी, तुला आणि दिशाला आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा पोचलं. ते मी तीन-चारदा वाचलं. मग रविवारी संतोषचा फोन आला. मी राखीला बाहेर पाठवलं आणि त्याला विचारलं, "तू तिचे दात पाडलेस का?"

तो म्हणाला, "तिनं सांगितलं वाटतं."

"तू सांग."

"आई, इथं माझं काय चाललंय तुला माहीत नाय. कामावर माझ्यासंगं कोणी डबा खात नाय. माझ्याशी हातानं खुणा करून बोलतात, येड्याशी बोलावं तसं. आणि घरी आलो की बायको त्यांच्या भाषेत पोरीशी हसती."

मला लय वाईट वाटलं, योगिनी. माझ्या पोराला येड्यासारखं वागवतात. डोळ्याला पाणी आलं. तरी मी परत विचारलं, "दात पाडलेस का?"

तवा तो म्हणाला, "बाबांनी नाय का तुला मारलं? तू गेलीस का कुठं? तू तर दुसऱ्या दिवशी बाजारात बसलीस. तीच मोठी लागून गेली का?"

हे मीच त्याला पुढं कधी तरी सांगितलं होतं, फुशारकीनं. आई किती खंबीर हाय ते पोराला कळावं म्हणून. त्यानं त्यातनं हे घेतलं.

मग तुझ्या वकीलबाईंचा फोन आला. मराठी बोलणारा माणूस आवाजावरनं चांगला वाटला, सांगलीकडचा आसावा. तो म्हणाला, "आजी, आधी एक सांगायला हवं. तुम्ही आई आहात. मुलाविरुद्ध बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. न बोलायची मुभा तुम्हाला कायद्यानं आहे. नाही म्हणालात तर आम्ही फोन ठेवतो, कोणी काही म्हणणार नाही."

मी म्हणलं, "भाऊ, न बोलायची मुभा मला लग्न झालं तवापासनं हाय. तुम्ही विचारा."

त्यानं ते त्या बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, सून तुमच्याकडं असताना पडायची का, चक्कर यायची का, भ्रमिष्टासारखं करायची का. मी म्हणलं, "पोटुशी असताना कोथिंबिरीची पाटी डोक्यावर घेऊन ओल्या बांधावरनं चालायची. मी ओरडायचे, ती हसायची. पाय कधी घसरला नाय. तिच्या डोक्याला काय बी झालेलं नाय."

"मुलगा तुमच्याशी काही बोलला का?"

बोलला, म्हणलं. जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या बापाचं पण सांगितलं. पाटाचं सांगितलं. मध्येच तो माणूस पाणी प्यायला वाटतं. शेवटी विचारलं, हे सगळं लिहून तुम्हाला वाचून दाखवू, चालेल ना? मी म्हणलं, दाखवा. ऐकताना वाटलं, ही दुसऱ्याच कुठल्या बाईची गोष्ट हाय.

फोन ठेवून जुड्या बांधायला बसले तर एक बी धड बांधली गेली नाय. राखीनं बांधून दिल्या.

संतोषला हे कळलंय. माझा फोन उचलत नाय. एक मेसेज आला, राखीनं वाचला: मला आई नाही. मी राखीला म्हणलं, पुसून टाक. मग म्हणलं, नको, राहू दे.

कलाबाई

---

११ जानेवारी २०२६

आईंना नमस्कार.

तुमच्या साक्षीमुळे काम झालं. मला एक वर्षाची परवानगी मिळाली, माझ्या स्वतःच्या नावावर. वकीलबाई म्हणाल्या, मुलानं ज्या आईचं नाव दिलं तिनंच असं सांगितल्यावर त्यांच्याकडं काही उरलं नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही. तुम्हाला हे किती जड गेलं असेल ते मला कळतं.

एक वर्षात भाषेची पुढची परीक्षा आणि पक्कं काम दाखवायचं आहे. गाव बदललं, त्यात माझी वर्गातली जागा गेली. इथं नवीन जागा थांबवल्या आहेत. सरकारनं त्यावरचा खर्च कमी केला, म्हणतात. कचेरीत खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, सक्तीची माणसं आधी. मी म्हटलं, मागच्या वर्षी मीही सक्तीचीच होते. त्या म्हणाल्या, ते त्या गावात. रीमचंही तसंच झालं आहे, तिचा वर्ग अर्ध्यावर बंद पडला. हाइके बाईंना दुसरीकडे काम शोधावं लागलं. मी सकाळी एका हॉटेलात खोल्या झाडते. तिथं बोलावं लागत नाही, म्हणून भाषाही वाढत नाही.

दिशा परवा बोलली. इथल्या एका मुलानं तिच्या हातातलं चित्र ओढलं, तेव्हा 'नको' म्हणाली. मराठीत. त्या मुलाला कळलं नाही, त्यानं ओढलंच. पण ती म्हणाली.

संतोषना कोर्टानं दंड केला, तुरुंग नाही. कंपनीनं कामावरून काढलं. इलेक्ट्रिशियनचा कागद मिळाला नाही आणि परवान्याची मुदत फेब्रुवारीत संपते आहे. ते नाशिकला येतील. दुसरीकडे कुठं जाणार?

आई, तुम्ही एकट्या आहात. राखीला सांगून ठेवा. ते घरात असले की कडी आतून लावून बसू नका, राखीला आत येता यायला हवं.

योगिनी

---

अंबड, १५ मार्च २०२६

योगिनी, आशीर्वाद.

हे मी बाजाराला निघायच्या आधी लिहून घेते. राखी टपालात टाकंल.

संतोष आला. कळवलं नव्हतं. मी दुपारी बाजारातनं आले तर ओट्यावर बसलेला, एक बॅग घेऊन. लय वाळलाय. मी पाणी दिलं, पाया पडला नाय. आत येऊन झोपला. आठवडाभर असंच. मी ताट ठेवायचे, तो जेवायचा, ताट तिथंच.

जुन्या कंपनीत जाऊन आला. तिथं आता नवी पोरं हायत. ती विचारतात, जर्मनीला होतास ना, मग इथं कसा? परत गेला नाय. बाहेरच्या खोलीत बसून असतो. गल्लीत कोणी हाक मारली तरी बाहेर येत नाय. तिकडं माणसात बसता आलं नाय आणि आता इथं पण बसता येत नाय. कधी वाटतं, तुला बोलावलं तसं त्याला पण कोणी पत्र धाडून वर्गात बसवलं असतं तर? मग वाटतं, त्याचा बाप तर जन्मभर आपल्याच गावात, आपल्याच भाषेत होता.

तुझं जानेवारीचं पत्र मी वाचून लगेच चुलीत घातलं होतं. पाकीट राहिलं. ते त्याच्या हाताला लागलं. त्यावर त्या केंद्राचं गाव छापलेलं. तो म्हणाला, "ती ह्या गावात हाय का?" मी म्हणलं मला माहीत नाय. खरंच माहीत नाय. "दिशा कुठं हाय?" मी पाकीट ओढून घ्यायला गेले. त्यानं मला ढकललं. कपाळ चौकटीवर आपटलं, टाके पडले. पाकीट मी सोडलं नाय. त्याच्यादेखत चुलीत टाकलं. पण त्यानं गावाचं नाव वाचलंय, हे तू त्या वकीलबाईंना सांग. पासपोर्ट त्याच्याजवळच हाय. परत जाता येणार नाय म्हणतात, तरी सांग.

बाजारात बायांनी विचारलं, कलाबाई, कपाळाला काय झालं? मी म्हणलं, पोरानं ढकललं. एकजण म्हणाली, असं चारचौघांत बोलू नये. मी म्हणलं, मेथी घ्यायची तर घे. राखी मला चौकीवर घेऊन गेली. तिथला हवालदार वयानं संतोषएवढाच. म्हणाला, मावशी, घरातली गोष्ट हाय, म्हातारपणी तोच बघणार तुम्हाला, समजुतीनं घ्या. मी तरी लिहून घ्यायला लावलं. अंगठा नाय, सही केली.

आता शेवटचं. यापुढं मला पत्र पाठवू नको. राखीच्या पत्त्यावर पण नको, तो तिथं पण जाऊन विचारतो. दिशाचा फोटो पण पाठवू नको. फोन नको. मी पण लिहिणार नाय. तुला वाटंल आई रागावली. रागावले नाय. तुमचा पत्ता माझ्यापाशी कुठल्याच रूपानं नसला की कोणी माझ्याकडनं काढून घेऊ शकत नाय.

वर्गात जागा मागत राहा. रोज जाऊन उभी राहा त्या खिडकीशी.

दिशा बोलायला लागली की तिला मराठी बोलू दे. तिथलं पण बोलू दे. जोरात बोलू दे.

बाहेर खाट वाजली. उठला वाटतं. चहा टाकते.

कलाबाई